यवनांचा देश आणि आपलीं प्रवासवर्णनें

परदेशच्या प्रवासाचीं वर्णनें मराठींत आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. एके काळीं विलायतेस जाऊन आलेला गृहस्थ गांवांत एखादाच असे, आणि त्याच्या तोंडून आगबोटीची व बर्फाची हकीकत ऐकावयास सारी आळी जमे. आज मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि आठ-दहा दिवसांची सवड काढून यूरोपास जातात, व परतल्यावर त्यांपैकीं कोणी ना कोणी लेखणी हातीं धरतोच. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु लेखन वाढलें म्हणजे त्याची पारख करण्याची जबाबदारीहि वाढते, आणि प्रवासवर्णनाच्या बाबतींत ती आपण नीट पार पाडलेली नाहीं असें आम्हांस वाटतें. काव्याची वा कादंबरीची चिकित्सा करतांना जे टीकाकार शब्दाशब्दाला अडवितात, तेच प्रवासवर्णन हातीं आलें कीं ‘ओघवतें’, ‘रसाळ’, ‘घरबसल्या प्रवास घडविणारें’ अशीं दोन-चार विशेषणें लिहून मोकळे होतात. तें पुस्तक खरोखर घरबसल्या प्रवास घडवितें काय, एवढाच प्रश्न आम्ही या लेखांत विचारणार आहों. आणि विवेचन मोघम होऊं नये म्हणून उदाहरणादाखल एकच देश घेतों. तो देश ग्रीस. तेथें जाणारा मराठी मनुष्य बहुधा दोनच गोष्टींसाठीं जातो, सृष्टिसौंदर्यासाठीं आणि इतिहासासाठीं. तेव्हां या दोहोंचें आपल्या लेखकांच्या हातून काय होतें, हें पहावयास याहून सोईचा देश नाहीं.

आम्ही हें लिहितों तें केज येथून. बीड जिल्ह्यांतील हा तालुक्याचा गांव समुद्रापासून तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ग्रीस देशांत समुद्रापासून दीडशें किलोमीटर दूर अशी एकहि जागा सांपडावयाची नाहीं. येथें समुद्र कधींच न पाहिलेले वाचक पुष्कळ आहेत. पुस्तक घरांत आलें म्हणजे तें वडील वाचतात, मग आई वाचते, मग शाळेंत जाणारीं मुलें वाचतात. आणि त्या घरापुरती ग्रीसची यात्रा तेवढीच. मुंबईच्या वा रत्नागिरीच्या वाचकापुढें वर्णन अपुरें पडलें तरी निभावतें. त्यानें समुद्र पाहिलेला असतो, आणि लेखकानें ठेवलेली उणीव तो पदरचें घालून भरून काढतो. केजच्या वाचकाजवळ ती पुंजी नाहीं. ‘निळाशार समुद्र पाहून डोळ्यांचें पारणें फिटलें’ हें वाक्य त्याला कांहींच दाखवीत नाहीं. कोणाचें तरी पारणें फिटलें एवढेंच सांगतें. म्हणून प्रवासलेखकाची खरी परीक्षा समुद्रकांठच्या वाचकापुढें होत नसून आमच्यासारख्यांच्या गांवीं होते, असें आमचें मत आहे.

ग्रीस देश मराठी माणसाच्या घरीं प्रथम प्रवाशाच्या सामानांतून आलेला नाहीं. तो पुस्तकांतून आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं सॉक्रेटिसाचें चरित्र गेल्या शतकाच्याहि आधींच्या शतकांत मराठींत आणलें, गो. वि. करंदीकरांनीं १९५७ सालीं अॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा अनुवाद दिला, पु. ल. देशपांड्यांनीं सोफोक्लीजच्या नाटकावरून ‘राजा ओयदिपौस’ लिहिलें. प्रत्यक्ष भूमि पाहून तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचें काम त्यानंतरचें. मीना प्रभूंचें ‘ग्रीकांजली’ हें त्याचें सर्वपरिचित उदाहरण. त्या ग्रंथाचें परीक्षण हा या लेखाचा हेतु नाहीं. एका देशाला एक सबंध पुस्तक द्यावें ही त्यांनीं पाडलेली रीत चांगली आहे, इतकेंच येथें नमूद करतों. आमचा रोख आहे तो मासिकांतून, दिवाळी अंकांतून व लहानमोठ्या पुस्तकांतून दरवर्षीं येणाऱ्या सर्वसामान्य वर्णनांवर.

पुस्तकांच्याहि आधीं एका शब्दानें हा देश आपल्याकडे येऊन राहिला आहे. मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. येथील जुन्या माणसांना ‘ग्रीस’ हें नांव शाळेच्या पुस्तकापलीकडे ठाऊक नसेल, पण ‘यूनानी दवा’ व ‘यूनानी हकीम’ त्यांच्या रोजच्या बोलण्यांतले. यूनान, योन, यवन हीं सारीं एकाच मुळाचीं रूपें. आशियामायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीक लोकांचा आयोनिया नांवाचा जो प्रांत होता, त्यावरून तीं निघालीं. पुढें मराठींत ‘यवन’ शब्दाचा अर्थ पालटला व तो मुसलमानांस लावण्यांत येऊं लागला. ज्याच्या भाषेंत एका देशाचें नांव असें दोन वाटांनीं येऊन दोन अर्थांनीं नांदत आहे, त्या भाषेच्या लेखकानें त्या देशांत केवळ परका पाहुणा म्हणून उतरावें, हें आम्हांस विपरीत वाटतें.

आतां सृष्टिवर्णनाकडे वळूं. आपल्या बहुतेक वर्णनांतून ग्रीस म्हणजे पांढरीं घरें, निळे घुमट व निळा समुद्र एवढाच उरतो. हें चित्र खोटें नाहीं. पण तें पत्रिकेवरचें चित्र आहे, आणि तें पहावयास ग्रीसपर्यंत जाण्याची गरज नव्हती. सांतोरीनी बेटाचेंच पहा. ज्या उभ्या कड्यावर तीं पांढरीं घरें बसलीं आहेत तो कडा म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या मुखाचा कांठ होय; ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांत झालेल्या स्फोटानें बेटाचा मधला भाग खचला व तेथें समुद्र शिरला. कड्याचा दगड काळा-तांबडा आहे, किनाऱ्यावरची वाळूहि कित्येक ठिकाणीं काळी आहे. आमच्या बालाघाटचा काळा पाषाण तोहि ज्वालारसच. मात्र सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. केजच्या मुलाला समुद्र ठाऊक नसला तरी काळा दगड जन्मापासून ठाऊक आहे. ‘तुझ्या शिवारांतला दगड जसा, तसाच हा, पण येथें तो पाण्यांतून सरळ वर चढला आहे,’ असें लेखकानें सांगितलें असतें तर त्या मुलाला उभें राहावयास जागा मिळाली असती. तेथून तो समुद्राकडे आपल्या डोळ्यांनीं पाहूं शकला असता.

दगडाची गोष्ट येथेंच संपत नाहीं. ग्रीसच्या मुख्य भूमीवर चुनखडी व संगमरवर विपुल. अथेन्सजवळच्या पेंतेलिकस डोंगरांतून काढलेल्या संगमरवरानें पार्थेनॉनचें मंदिर ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळांत उभें राहिलें. आपल्याकडे अखंड काळा कातळ. म्हणून येथील कारागिराला बांधण्यापेक्षां कोरणें अधिक जवळचें वाटलें, आणि वेरूळचें कैलास किंवा केजहून जवळच असलेल्या अंबाजोगाईचा हत्तीखाना निर्माण झाला. एकानें दगडावर दगड रचला, दुसऱ्यानें दगडांतून दगड काढून टाकला. ही तुलना करावयास विद्वत्ता लागत नाहीं. आपल्या गांवची वेस डोळ्यांपुढें ठेवून परक्या गांवीं जावें, म्हणजे ती आपोआप सुचते.

पाण्याविषयीं तर आपल्या लेखकांचें मौन आश्चर्यकारक आहे. अथेन्स शहरास वर्षाकांठीं सुमारें चारशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक हिवाळ्यांत. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्याची सरासरी याहून अधिक, सहाशें-सातशें मिलिमीटर आहे. एजियन समुद्रांतील कित्येक लहान बेटांस पिण्याचें पाणी जहाजांतून पुरवावें लागत आलें आहे; पावसाचें पाणी घराखालच्या टांक्यांत सांठविण्याची तेथें जुनी रीत आहे. केज तालुक्यांतच धनेगांव येथें मांजरा नदीवर धरण आहे. तें आटलें तेव्हां २०१६ सालीं लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें येथील प्रत्येक घरास स्मरतें. ज्या वाचकानें पाण्याची आगगाडी पाहिली, त्याला पाण्याचें जहाज एका वाक्यांत समजेल. अॅटिका प्रांतांतील डोंगरांवरची माती वाहून गेल्याबद्दल प्लेटोनें खेद केला आहे; त्या देशाचा रुक्षपणा अडीच हजार वर्षांचा आहे. अशा रुक्ष भूमींत ऑलिव्हचें झाड, द्राक्षाचा वेल व शेळी यांवर माणसें कशीं जगलीं आणि पिकाची उणीव भरून काढण्यासाठीं त्यांनीं समुद्र कसा जवळ केला, हें सांगितल्यावांचून ग्रीसचें सृष्टिसौंदर्य सांगून होत नाहीं. समुद्र त्यांना केवळ शोभेसाठीं नव्हता. तो त्यांचा रस्ता होता.

इतिहासाच्या बाबतींत आमची तक्रार याहून गंभीर आहे. मॅरेथॉनच्या मैदानावर उभे राहिलों व अंगावर रोमांच आले, असें वाक्य आमच्या वाचनांत वारंवार येतें. रोमांच आले असतील. त्याबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ते कां आले? ख्रिस्तपूर्व ४९० मधील ती लढाई आपल्या पूर्वजांनीं लढलेली नाहीं. इंग्रजी अमदानींत जी इतिहासाची पुस्तकें आपल्या शाळांतून लागलीं, त्यांत ती यूरोपच्या उदयाची पहाट म्हणून शिकविली होती. तो धडा पिढ्यान् पिढ्या अंगीं मुरला, आणि रोमांच त्या धड्याचे आहेत. हा धडा वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण दुसरा एक धडा आपल्याला कोणी शिकविला नाहीं, आणि प्रवासलेखकानें तो स्वतः शिकून घ्यावयास हवा होता.

केजहून दक्षिणेस निघून मांजरा ओलांडली व कळंब मागें टाकलें म्हणजे तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव लागतें. गोरोबा कुंभारांचें गांव म्हणून सारा महाराष्ट्र त्यास ओळखतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें शहर आहे, असें तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधें कापड व मलमलीचे प्रकार गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोच बंदरास येत असें त्याचें म्हणणें आहे. हें तगर कोणतें याविषयीं विद्वानांत बराच वाद झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं केजच्या शेजारच्या धारूरचें नांव सुचविलें होतें. पुढें १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर असें प्रतिपादिलें व तेंच आज मान्य आहे. तेरच्या उत्खननांत रोमन व्यापाराच्या खुणा सांपडल्या. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें, भोकरदनच्या तशाच मूर्तीचें आणि इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं निघालेल्या मूर्तीचें साम्य अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत गेलें म्हणजे या व्यवहाराची साक्ष आजहि पाहतां येते. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकट येथील यवनांनीं दिलेले खांब आहेत व त्यांवर त्यांचे लेख आहेत. त्यांचीं नांवें मात्र भारतीय वळणाचीं. म्हणजे ज्या देशास आपण आज पहावयास जातों, त्या देशाचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्या देशांत आले, आपल्या गांवांचीं अंतरें मोजून गेले, आणि कांहीं तर येथलेच होऊन राहिले.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे पायरीअस बंदरांत उभ्या असलेल्या मराठी प्रवाशाचें नातें पालटतें. तो केवळ थोरांच्या घरीं गेलेला आश्रित राहत नाहीं. जुन्या व्यवहाराची परतभेट द्यावयास आलेला गृहस्थ होतो. त्याच्या विस्मयांतील दीनपणा गळून पडतो, आणि तो गळाला म्हणजे खरें कुतूहल जागें होतें. आमच्या मतें आपल्या प्रवासवर्णनांतील मुख्य दोष हा दीनपणाच होय. कधीं तो स्तुतीचें रूप घेतो, कधीं ‘आमच्याकडे मात्र’ अशा हळहळीचें, व कधीं उलट ‘आमच्याकडे याहून जुनें होतें’ अशा बढाईचें. तिन्हीं रूपांत डोळे समोरच्या वस्तूवर नसून स्वतःच्या मानापमानावर असतात.

पार्थेनॉनच्या वर्णनांत हा दोष विशेष दिसतो. त्या मंदिराचें पुढें ख्रिस्ती देवालय झालें, नंतर मशीद झाली. १६८७ सालीं तुर्कांनीं तेथें दारूगोळा ठेवला असतां व्हेनिसच्या सैन्याच्या तोफेनें तें उडालें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड एल्गिननें तेथील शिल्पें काढून नेलीं व १८१६ सालीं तीं ब्रिटिश सरकारनें विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केलीं. अथेन्समध्यें २००९ सालीं उघडलेल्या नव्या संग्रहालयांत नेलेल्या शिल्पांच्या जागीं प्रतिकृति मांडल्या आहेत, व मुळें परत मिळावींत अशी ग्रीसची मागणी चालू आहे. आपले लेखक पेरिक्लीजच्या सुवर्णकाळाचें गुणगान करून तेथेंच थांबतात. मधल्या दोन हजार वर्षांची त्यांना जणूं अडचण होते. तेरचें त्रिविक्रमाचें मंदिर मूळचें विटांनीं बांधलेलें बौद्ध चैत्यगृह असल्याचें अभ्यासक सांगतात. एकाच गाभाऱ्यांत देव कसे पालटतात आणि तरी वास्तु कशी टिकते, हें ज्यानें आपल्या जिल्ह्याशेजारीं पाहिलें आहे, त्याला अथेन्सच्या टेंकडीवर काय शोधावें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, तुम्ही प्रवासवर्णनाकडून गॅझेटियरची अपेक्षा करतां. वाचकाला विरंगुळा हवा असतो, माहितीचीं ओझीं नकोत. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. माहितीच्या भारानें वांकलेलीं पुस्तकें आम्हीहि अर्ध्यावर मिटलीं आहेत. परंतु आपल्याच वाङ्मयाचा दाखला पहावा. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले व १८५७ च्या धामधुमींत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला आणि अजून वाचला जातो. त्यांत इतिहास आहे, पण तो भुकेच्या, भीतीच्या व गंगाजळाच्या कावडीच्या रूपानें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहिला. विधवा स्त्री समुद्र ओलांडून जाते यांतच केवढा प्रश्न भरला होता! अनंत काणेकर ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ गेले तेहि मनांत एक प्रश्न घेऊन. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालीं आली व तिनें या प्रकाराला हंसरा चेहरा दिला. मात्र त्यांच्या अनुकरणांत लेखकाची फजिती, चहाची आठवण व जेवणाचे हाल एवढेंच पुढें आलें. त्या विनोदामागें माणसाविषयींची जी अपार उत्सुकता होती ती मागेंच राहिली. या चौघांच्या पुस्तकांना कोणी ओझें म्हणत नाहीं. प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला माहिती जड होत नाहीं. प्रश्नावांचून गेलेल्याला मात्र विरंगुळाहि नीट देतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. देश म्हणजे केवळ मेलेल्यांचा इतिहास नव्हे. सुमारें एक कोटी वस्तीच्या या देशांत २०२३ सालीं तीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी आले. पाहुण्यांच्या या लोंढ्यांत यजमान कसे राहतात? १९२३ च्या करारानें ग्रीस व तुर्कस्तान यांनीं आपापल्या लोकसंख्येची अदलाबदल केली, आणि दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्यें आले. त्याच निळ्या समुद्रांतून २०१५ सालीं आठ लाखांहून अधिक निराश्रित लहान होड्यांतून ग्रीसच्या बेटांवर उतरले व कित्येक बुडाले. दसऱ्यानंतर ऊंसतोडीसाठीं बिऱ्हाड गाडींत घालून निघणारीं कुटुंबें केजचा वाचक दरवर्षीं पाहतो. अंगावरच्या वस्त्रानिशीं दुसऱ्याच्या मुलखांत उतरणें म्हणजे काय, हें त्याला समजावून द्यावें लागत नाहीं. फक्त सांगावें लागतें. तें न सांगतां त्याला केवळ सूर्यास्त दाखविणें म्हणजे त्याच्या समजुतीचा उपमर्द करणें होय.

प्रकाशकांसहि एक विनंति. ज्या पुस्तकांत वीस बेटांचीं नांवें येतात त्यांत नकाशा नसावा, ही गैरसोय आतां तरी दूर व्हावी. शहरांतील वाचक हातांतल्या यंत्रावर जागा शोधील. पण घरांतील आजोबा व शाळेंतलीं मुलें एकच पान पुढ्यांत घेऊन बोटानें वाट दाखवितात, ती सोय छापील नकाशाच करूं शकतो. लेखकाच्या स्मितमुद्रांकित छायाचित्रांतील चार कमी केलीं तर त्याची जागा सहज निघेल.

लोकांनीं ग्रीसला जाऊं नये असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्यांना शक्य आहे त्यांनीं अवश्य जावें, आणि आल्यावर अवश्य लिहावें. पण निघण्यापूर्वीं एक दिवस काढून तेरला जाऊन यावें, ही आमची सूचना आहे. संग्रहालयांतील मातीचीं भांडीं व हस्तिदंत पहावें, त्रिविक्रमाच्या विटांवर हात ठेवावा, गोरोबांच्या समाधीस नमस्कार करावा, आणि तेरणेच्या कांठीं घटकाभर बसून येथून भडोचपर्यंत कापडाच्या गाड्या कशा गेल्या असतील याचा विचार करावा. मग विमानांत बसावें. असा प्रवासी जें लिहील तें केजच्या घरांत चार माणसें आळीपाळीनें वाचतील, आणि पुस्तक परत करतांना ग्रंथपालास विचारतील कीं, याच लेखकाचें दुसरें कांहीं आहे काय.